आमचा शुक्रवार, त्यांचा रविवार

आमच्या लहानपणी सुट्टी शुक्रवारी असायची. हे नातवंडांना सांगितलं की ती माझ्याकडं संशयानं बघतात. म्हातारीचा काहीतरी घोटाळा होतोय असं त्यांना वाटतं. घोटाळा कसला! आम्ही निजामाच्या राज्यात होतो, हिंगोलीत. तिथं कचेरी बंद, शाळा बंद, तो वार शुक्रवार. रविवारी आम्ही निमूट दप्तर उचलून शाळेत जायचो आणि आमचे वडील, म्हणजे दादा, कचेरीत. ते कारकून होते, पण मूळचं शेतकऱ्याचं पोर. आठवडाभर कागदात मान घालून बसलेला हा माणूस शुक्रवारी घरात टिकायचा नाही. गुरुवारी संध्याकाळीच चुलत्याच्या गोठ्यातून बैल आणि छकडा मागून आणायचे आणि शुक्रवारी उजाडायच्या आत आमच्या अंगावरची गोधडी ओढायचे.

"उठा, उठा! दिवस वर आला अन् तुमी अजून लोळून राहिले?"

दिवस कसला वर येतोय, कोंबडासुद्धा आरवलेला नसायचा. पण आम्ही टुणकन उठायचो. मी आणि माझा धाकटा भाऊ, छकड्यात पुढं कुणी बसायचं यावरून आमची मारामारी अंगणातच उरकून घ्यायचो, म्हणजे रस्त्यात वेळ जायला नको. कधी नरसीला जायचो, कयाधूच्या पाण्यात पाय सोडून बसायला. कधी नात्यातल्या कुणाच्या मळ्यात हुरडा खायला. कधी जवळच्या बंजारा तांड्यावर. तांड्यावरच्या बायका कापडावर बारके आरसे असे बसवायच्या की माय तिथून उठायचं नावच घ्यायची नाही. एक टाका शिकल्याशिवाय ती छकड्यात चढत नसे, आणि दादा तिकडं बैल जुंपून "अवं चला, अवं चला" करत राहायचे.

मायचा एक कायदा होता. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि हातात असेल ते घरी केलेलं असावं. त्या दिवसांत तो कायदा पाळणं तसं सोपंच होतं, कारण विकतचं काही मिळतच नव्हतं. लढाई कुठंतरी लांब चालली होती, आम्हाला तिचा आवाजही नव्हता. पण बाजारातलं कापड आणि साखर तिनंच पळवली असं सगळे म्हणायचे. मग काय, जुनी लुगडी, फाटकी धोतरं, चिंध्या, मणी, कवड्या, सगळं एका गाठोड्यात आणि आठवडाभर संध्याकाळी कंदिलाभोवती आमचा कारखाना. मी बाहुल्या करायची. माझ्या बाहुल्यांची नाकं मोठी व्हायची, ती का व्हायची हे मला आजही माहीत नाही. धाकटा ज्वारीच्या धाटाची साल आणि आतलं भेंड घेऊन बैलगाड्या करायचा, त्या फार सुरेख व्हायच्या आणि फार लवकर मोडायच्या. दादांचा हात लेखणीला सरळ आणि सुईला वाकडा, पण हौस दांडगी. एकदा त्यांनी मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची पिशवी शिवली आणि तिला छत्रीचीच मूठ लावली. ती पिशवी कुणीही बघितली की हसायचं, आणि दादांना वाटायचं कौतुकच करून राहिलेत.

या सगळ्या कारखान्याची खरी मालकीण होती अक्का, माझी मोठी बहीण. तिचं लग्न वैशाखात झालं आणि ती वऱ्हाडात गेली. वऱ्हाड म्हणजे काही परदेश नव्हे, कनेरगावचा नाका ओलांडला की लागलंच. पण ते इंग्रजाचं राज्य. दाजी तिकडच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांची सुट्टी रविवारी. म्हणजे आम्ही मोकळे तेव्हा ते शाळेत, आणि ते मोकळे तेव्हा आम्ही कामाला. त्यांच्या रविवारची आणि आमच्या शुक्रवारची गाठ काही केल्या पडायची नाही. पंचमीला अक्का यायची होती, तर ओढ्या-नाल्यांना पूर. दिवाळीला यायची होती, तर तिची सासू अंगण सारवताना घसरली आणि पाय मोडून खाटेवर पडली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. अक्का कशी येणार?

"मग आपनच जाऊ की!" मी म्हटलं.

 दादांनी समजावून सांगितलं. आमच्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जायचं आणि पाणी प्यायचं नाही, म्हणजे व्याह्यांचा अपमान. प्यायचं, म्हणजे रीत मोडली. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं मोठ्या माणसांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. मला ही रीत तेव्हाही मूर्खपणाची वाटली होती आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला होता.

पण माय झुरत होती. एरवी छकड्यात बसली की तिचं तोंड बंद नसायचं. झाडं, पिकं, माणसं, सगळ्यांची ती खबर घ्यायची. आता छकडा वाशीमच्या, म्हणजे अक्काकडच्या, रस्त्याला लागला की ती गप्प व्हायची. मी काही विचारलं तर "हं" म्हणायची. बडबड्या माणसाचं गप्प बसणं फार वाईट असतं. मला भीतीच वाटायची.

आणि मग संक्रांतीच्या आधी दाजींचा निरोप आला. संक्रांत झाल्यावर पहिल्या रविवारी नाक्यापलीकडं, रस्त्यालगतच्या चिंचेच्या झाडाखाली भेटू. मी हिला घेऊन येतो, तेवढा वेळ शेजारीण आईपाशी बसेल. दुपारभर एकत्र बसू, जेवू, आणि आपापल्या वाटेनं जाऊ. कुणाचं घर नाही, कुणाचं पाणी नाही, सगळ्या रिती जागच्या जागी!

दादांनी तर लगेच रविवारची रुखसत मागून घेतली. रुखसत म्हणजे रजा. उभ्या नोकरीत त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं साहेबांनी आधी तब्येतीची चौकशी केली म्हणे.

घरात जी काही धांदल उडाली ती काय सांगू! लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणजे लेकीला हलव्याचे दागिने हवेत. साखर दुर्मीळ, पण मायनं महिनाभर आम्हाला गुळाच्या चहावर ठेवून ती जमवली होती, आणि हे आम्हाला आता कळलं. मग रोज शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि माय चमच्यानं थेंब थेंब पाक सोडत बोटांनी ते तीळ फिरवत बसायची. घाई केली की गोळा होतो, निवांत फिरवलं की दाण्याला पांढरे काटे फुटतात. पहिला काटा फुटला तेव्हा धाकटा असा ओरडला की शेजारची बाई धावत आली. मग आम्ही सगळे ते दाणे दोऱ्यात ओवायला बसलो. हार झाला, बांगड्या झाल्या, बिंदी झाली. धाकट्याला पाठीमागं हात बांधून बसवलं होतं, कारण दागिने पुढून वाढत होते आणि मागून कमी होत होते. मी अक्काच्या जुन्या परकराची बाहुली केली. नाक मोठंच झालं. धाकट्यानं धाटाची गाडी केली, आणि दादांनी छत्रीच्या मुठीची ती पिशवी पुढं आणली. माय म्हणाली, "जाऊ द्या, लेकच हाय, हसल तरी मनावर घेनार न्हाई तुमी."

रविवारी आम्ही निघालो तेव्हा अंधार होता आणि थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. आगगाडी हिंगोलीपर्यंतच यायची. पुढं जायचं तर बैल. मला काही वाटलं नाही. मी छकड्यात मांडीवर हलव्याचा डबा घेऊन बसले होते, आणि छकडा उडाला की डब्यासकट स्वतःला वर उचलून धरत होते, म्हणजे दागिन्यांना धक्का लागू नये. उजाडलं. दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, हरभऱ्यावर दव होतं, आणि माय बोलत होती! वाशीमच्या रस्त्यावर माय बोलत होती. शेतात काय पेरलंय, कुणाचं कुंपण मोडलंय, अक्काला काय काय विचारायचं, आधी काय विचारायचं. दादा मधूनच बैलांना उगीच हाळी देत होते. त्यांना गाता येत नसे, खुशीत आले की ते बैलांवर ओरडायचे.

अर्ध्याहून जास्त वाट झाली होती. समोरून एक बैलगाडी येताना दिसली. गाडीवान तांड्यावरचा, आमच्या ओळखीचा. वाशीमच्या बाजाराला त्याची सारखी ये-जा असायची. आम्ही त्याला मामा म्हणायचो. दादांना बघून त्यानं गाडी थांबवली आणि कपाळाला हात लावला.

"आरं देवा! मी तुमच्याकडंच येऊन राहिलो व्हतो. आख मोडला गाडीचा, सुतार मिळंना, तिथंच अडकलो. तुमच्या जावयाचा निरोप हाय."

"काय म्हणले?"

"म्हणले, सासऱ्यानं आमच्यापायी रुखसत मागावी हे बराबर न्हाई. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी शुक्रवारी या म्हणावं, मीच साळंतून रजा घेतो."

"कोनत्या शुक्रवारी?" दादांनी विचारलं.

मामानं मान खाली घातली. "परवाच्याच."

काय म्हणावं याला? एकानं सासऱ्याचा मान राखला, दुसऱ्यानं जावयाचा, आणि दोघांनी मिळून अक्काला झाडाखाली ताटकळत बसवलं. मी भोकाड पसरलं. लाजबीज काही वाटली नाही. भर रस्त्यात, डबा मांडीवर घेऊन, मोठ्यानं. धाकटा माझ्याकडं बघून रडायला लागला. दादांनी कासरा हाती घेतला. मग म्हणाले, "चला, फिरवू माघारी."

"काहून?" माय म्हणाली.

"अगं, ते येऊन गेले असतील ना."

"असू द्या. झाड तर हाय ना तिथं? झाडापर्यंत जाऊ."

दादांनी कासरा सैल सोडला. आम्ही पुढं निघालो.

नाक्यावर शिपायानं छकडा अडवला. राज्याच्या हद्दीवरून काय आत येतं, काय बाहेर जातं, हे बघायचं त्याचं काम. "गठडी में क्या है?" त्यानं विचारलं. गाठोड्यात चिंध्यांची बाहुली, धाटाची गाडी, छत्रीची पिशवी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. शेवटी तो माझ्या डब्याकडं वळला. मायला हिंदी मोडकंतोडकं यायचं आणि त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती सरळ म्हणाली, "दागिने हय. पोरी के."

दागिने म्हटल्यावर शिपाई ताठ झाला. आतून त्याचा वरचा माणूस आला, मोठ्या मिशांचा. डबा उघडला. दोघंही आत वाकून बघत राहिले. "ये तो शक्कर है," शिपाई म्हणाला. "लेकिन हार है," मिशा म्हणाल्या. साखर समजायची की दागिना समजायचा, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात आमचा धाकटा म्हणाला, "खाऊन बघा की, मंग कळतंय." मिशांना हसू आलं. कुणासाठी, काय, दादांनी सगळं सांगितलं. पहिली संक्रांत म्हटल्यावर त्यांनी हात वर केला, "जाने दो, जाने दो." धक्क्यानं तुटलेल्या बांगडीतला एक दाणा मी त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

चिंचेखाली कुणीच नव्हतं. आम्हाला माहीत होतं, तरी मी झाडाच्या मागं जाऊन बघून आले. झाडाशेजारी फुटाणे-गुळाचं एक लहानसं दुकान होतं. दुकानदार उठून आला.

"हिंगोलीचे का तुमी? शुक्रवारी तुमची लेक अन् जावई सकाळधरनं बसले व्हते हितं. पोरगी सारखी रस्त्याकडं बघून राहिली व्हती. लांबून छकडा दिसला की उठायची. सांजच्याला गेले." त्यानं आतून एक गाठोडं आणलं. "हे ठिवून गेली. म्हणली, माझी माय येईलच, तिला द्या."

मायनं गाठोडं छातीशी धरलं आणि ती झाडाखालीच बसली. मला तेव्हा अक्काचा इतका कळवळा आला आणि दाजींचा, दादांचा, त्या मोडक्या आखाचा इतका राग आला, की मी पायानं माती उडवली.

मग गाठोडं सोडलं, आणि राग कुठल्या कुठं गेला! अक्कानं प्रत्येकासाठी काही ना काही केलं होतं. धाकट्याला आसूड, दांड्याला लाल गोंडा. तो त्यानं त्याच क्षणी माझ्या पाठीवर आजमावून बघितला. मला कवड्या लावलेला बटवा, तांड्यावरच्या टाक्यानं शिवलेला, मधोमध एक आरसा. मी त्यात माझं नाक बघितलं आणि मग दुसऱ्या कुणाला बघू दिलं नाही. दादांना जुन्या धोतराची टोपी. ती त्यांनी घातली तर भुवयांपर्यंत आली. लेकीला बापाचं डोकं आठवणीत मोठं झालं होतं, असं दादा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मायसाठी मात्र गाठोड्याच्या तळाला नुसते कापडाचे तुकडे होते. धुवून मऊ केलेले, नीट बेतलेले, पण एक टाकासुद्धा घातलेला नाही.

"मायचं तेवढं शिवलंच न्हाई अक्कानं!" मी म्हटलं. मला खरंच संताप आला. सगळ्यांचं करून मायचंच टाकायचं?

मायनं तुकडे हातात घेतले. तिनं कापड ओळखलं होतं. तिचंच जुनं लुगडं, सासरी जाताना अक्कानं पांघरायला म्हणून नेलेलं. तिनं एक तुकडा मांडीवर पसरला, दुसरा त्याला लावून बघितला. वर वाकण होतं, खाली झोळ होता. दादा टोपी सावरत वाकले.

"ही बी टोपीच हाय का?"

"टोपीच," माय म्हणाली. "पर तुमच्या डोक्याची न्हाई."

ती कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्याला घालतात आणि मागं पाठीवर सोडतात, ती. आमच्यात पोटुशी बाई आपल्या बाळाचं स्वतः शिवत नाही. तिनं फार तर बेतून द्यावं. सुई लावायची ती तिच्या मायनं. निरोप पाठवायला अक्काला मामाची गाडी लागली नाही, की कुणाचं तोंड लागलं नाही. दादांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते मोठ्यानं बैलांवर ओरडले, आणि बैल तर सोडलेले होते, निवांत कडबा खात होते.

माय हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. मग तिनं तुकडे घडी करून कंबरेला खोचले, तोंड पुसलं आणि उभी राहिली.

"बैल जुंपा."

"व्हय, निघावंच. दिवस मावळायच्या आत जेवढं..."

"हिंगोलीकडं न्हाई. पुढं."

दादांच्या चेहऱ्यावर ती सगळी रीत एकेक करून उमटली. "अगं, पन पानी..."

"मी पिनार न्हाई. जेवनार न्हाई, बसनार बी न्हाई. दारात उभी राहीन, लेकीला डोळे भरून बघीन, दागिने घालीन अन् फिरीन. कुनाला राग येईल त्यानं यावं माझ्याशी भांडायला."

"उद्या कचेरी हाय."

"कचेरी काय पळून चालली का?"

 दादांनी एकदा हिंगोलीकडं बघितलं, एकदा पुढं. मग ती भुवयांपर्यंतची टोपी तशीच डोक्यावर ठेवून ते बैलांकडं गेले. मी आणि धाकटा नुसते नाचलो. दुकानदाराला काय झालं ते कळलं नाही, पण त्यानं दोघांच्या हातांवर फुटाणे ठेवले.

मायनं दुकानाच्या विहिरीवरून तांब्या भरून घेतला. लेकीकडचा थेंब घ्यायचा नाही, आपलं पाणी आपल्याबरोबर. पण धाकट्यानं नवा आसूड उडवला, तो तांब्याला लागला, आणि सगळं पाणी छकड्याच्या फळ्यांतून रस्त्यावर. एरवी मायनं त्याला सोललं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "जाऊ दे," आणि पुढं बघत राहिली. रस्ता धुळीचा होता, ऊन चढून उतरायला लागलं होतं. आमचे ओठ सुकले होते, पण छकडा थांबवा असं कुणी म्हटलं नाही.

गाव आलं तेव्हा पोरं छकड्यामागं धावायला लागली. मास्तरांचं घर कोणतं ते त्यांनीच दाखवलं. मातीचं घर, पुढं कडुनिंब, अंगणात तुरीचा ढीग. आणि अक्का! पदर खोचून काठीनं तुरी बडवत होती. छकड्याचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि काठी वरच्या वर राहिली. मग ती अशी धावली की पायाखालच्या शेंगा उडाल्या. "माय! माय गं!" दोघी कुंपणाच्या फाटकातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मी मधे घुसले, हलव्याचा डबा कुणाच्या तरी कोपरात अडकला. अक्का गोल झाली होती, गालांवर उन्हाचा रंग होता. ती हसत होती आणि माझ्या वेण्या ओढत होती. आतून दाजी धावत आले आणि दादांच्या पाया पडायला वाकले, दादा त्यांना धरून "अहो, चुकलं आमचंच" म्हणत होते, दाजी "न्हाई न्हाई, माझंच" म्हणत होते. पुन्हा सुरू! मी म्हटलं, आता हे दोघं संध्याकाळपर्यंत असंच करतील.

अक्काचं मात्र भान सुटलं होतं. पाहुणा दारात आला की पाणी आणायचं, ही घरच्या बाईची पहिली हालचाल. ती पळत आत गेली, तांब्या भरून घेतला, पळत बाहेर आली, आणि उंबऱ्याशी तिला आठवलं. तिथंच थांबली. हातात पाणी हिंदकळत होतं. मायनं त्या पाण्याकडं बघितलं आणि मान फिरवली. वाटभर तहानलेली माझी माय, लेकीच्या हातचं पाणी समोर, आणि मधे ती रीत. 

ओसरीवरच्या खाटेवरून आवाज आला. अक्काची सासू, पायाला पट्ट्या बांधलेली, कोपरावर उठून बसली होती.

"सूनबाई, काहून थांबली? इहीनबाईला पानी दे की."

"नको, इहीनबाई," माय म्हणाली. तिचा आवाज कोरडा पडला होता. "राग मानू नका. नातवंडाचं तोंड बघितल्याबगर..."

"अवं, नातवंड हे काय तुमच्यापुढं तांब्या घेऊन उभं हाय! आईच्या आडून उभं हाय, एवढंच. तोंड मागाहून बघा त्याचं. पानी आता प्या."

माय त्या खाटेकडं बघत राहिली. मग अक्काकडं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले. अक्कानं तांब्या दिला. मायनं तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. पाणी हनुवटीवरून चोळीवर ओघळलं तरी पुसलं नाही. मग तो तसाच लेकीपुढं धरला.

"अजून घाल," ती म्हणाली.